दारात दोन मिनिटं

दार दोनदा वाजलं की आमच्याकडे लगेच उघडायचं नसतं. आधी मनात पन्नासपर्यंत मोजायचं, ट्रकचा आवाज पुढच्या घराकडे गेला याची खात्री करायची आणि मग दार उघडून पायरीवरचं मांसाचं पुडकं आत घ्यायचं. मांस कुणी आणलं ते बघायचं नाही. कुणी विचारलं तर सांगायचं नाही. आणणाऱ्यानेही उंबरा ओलांडायचा नाही. घेणाऱ्यावर आभार मानायची वेळ येऊ नये आणि देणाऱ्याला मोठेपणा मिरवता येऊ नये, म्हणून ही सोय.

उत्तरेकडे, सिसीप तळ्याकाठच्या आमच्या क्री आदिवासींच्या वस्तीत हे माझ्या आजीच्या आजीपासून चालत आलंय. बाहेरच्या माणसाला त्यात काहीतरी काळंबेरं दिसलं तर नवल नाही. नवल याचं, की तेवढ्यावर माणूस तुरुंगात जातो.

मी फिलोमीन हॉल्केट. सव्वीस वर्षं कोर्टात काम करते. मी वकील नाही आणि कारकूनही नाही. आमच्यापैकी कुणी आरोपी म्हणून उभा राहिला की मी त्याच्या शेजारी उभी राहते. न्यायाधीश काय म्हणाले ते त्याला आमच्या भाषेत सांगते आणि तो जे बोलत नाही ते न्यायाधीशांच्या कानावर घालायचा प्रयत्न करते. यातलं पहिलं काम मला उत्तम जमतं. दुसरं जिथे जमायला हवं होतं, तिथेच जमलं नाही.

अँब्रोझ माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ गेल्यावर तो अर्धाअधिक माझ्याच स्वयंपाकघरात वाढला. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, आणि इतकं कमी बोलतो की फोनवर तो आहे की लाइन गेली ते कळत नाही. बाविसाव्या वर्षी दारू पिऊन त्याने दोनदा मारामारी केली. दुसऱ्या वेळी समोरच्याचा जबडा मोडला. त्यानंतर तो दारूच्या थेंबाला शिवला नाही, पण कोर्टाने तेव्हाच त्याला बंदूक बाळगायला जन्मभराची बंदी घातली.

या बंदीला कायद्यात एक सूट आहे. घरच्यांच्या पोटासाठी शिकार करत असशील, तर तेवढ्यापुरती बंदूक वापरता येते. पण तसं न्यायाधीशांना सांगावं लागतं. त्या दिवशी खुर्चीवर म्हातारे न्यायाधीश होते. माणूस भला होता, त्यांनी आपण होऊन विचारलं.

"शिकारीला जातोस का रे?"

अँब्रोझने बुटांकडे बघितलं. "जातो कधीतरी."

"घरी खाणारे किती? कुणाकुणाला देतोस?"

"तसं काही नाही."

न्यायाधीश थांबले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं, की सोळाव्या वर्षापासून हा मुलगा सात घरांना मांस पुरवतोय. एका वाक्याचं काम होतं. पण आमच्यात शिकारी स्वतःच्या शिकारीबद्दल बोलत नाही आणि त्याच्या घरचे तर मुळीच नाही. मूस हरीण आपण मारत नसतो, ते स्वतःला आपल्या हवाली करतं. बढाई कानावर गेली की पाठ फिरवतं. कोहकोमने, माझ्या आजीने, हे मला लहानपणी इतक्यांदा बजावलं होतं की भर कोर्टात, पगारी माणूस असूनही, मी मूग गिळून बसले. "सूट मागितलेली नाही," असं न्यायाधीशांनी लिहिलं आणि पुढचा खटला पुकारला.

अँब्रोझने बापाची बंदूक ट्रकच्या सीटमागे ठेवली आणि शिकार चालू ठेवली. नऊ वर्षं. सातांची अकरा घरं झाली. साखरेच्या दुखण्यात पाय गेलेला बर्नार्ड, तीन विधवा, चौऱ्याऐंशीची एलायझा बर्ड, मी. सगळ्या वस्तीला बंदी ठाऊक होती आणि सगळी वस्ती पन्नासपर्यंत मोजत होती.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरातली गोष्ट. दुपारचे चार वाजले असतील, जमिनीवर बर्फाची पहिली भुरभुर होती. माझं दार दोनदा वाजलं. मी मोजलं, पुडकं आत घेतलं. खाकी कागदात गुंडाळलेला पाठीचा तुकडा होता, अजून थोडा कोमट. मी पातेलं चढवलं. कांदा चिरून होतो न होतो तोच शेजारीण धावत आली आणि म्हणाली, "तुमच्या अँब्रोझला पुलाजवळ आडवी गाडी घालून धरलंय."

धरणारा प्रिंगल नावाचा कॉन्स्टेबल. दक्षिणेतल्या शहरातून आमच्याकडे येऊन त्याला सात आठवडे झाले होते. दुकानासमोर गाडीत बसून त्याने चार घरं पाहिली होती. काय पाहिलं ते त्याने पुढे कोर्टात वहीतून वाचून दाखवलं. ट्रकचं इंजिन चालू. इसम उतरतो. दोन्ही बाजूंना बघतो. पायरीवर पुडकं ठेवून दोनदा दार वाजवतो आणि निघून जातो. दार उघडत नाही. ट्रक गेल्यावर उघडतं, एक हात बाहेर येतो, पुडकं आत जातं. प्रत्येक दारात साधारण दोन मिनिटं. म्हणून त्याला वाटलं, पोरगा गर्दाच्या पुड्या वाटतोय.

दोन्ही बाजूंना बघायचं कारण बर्नार्डचा कुत्रा. तो मांसाचं पुडकं पळवतो. हे त्या वहीत कुठून असणार?

"खाली उतर," प्रिंगल म्हणाला. अँब्रोझ उतरला.

"काय वाटत हिंडतोयस?"

अँब्रोझ गप्प.

"अरे, तुझ्याशी बोलतोय मी. चार घरी काय दिलंस?"

गप्प.

"ट्रक बघितला तर चालेल ना तुला?"

यावरही तो गप्पच. प्रिंगलने त्याचा होकार धरला. त्याचं लायसन्स प्रिंगलच्या खिशात होतं, पुढे पोलिसांची गाडी आडवी होती आणि मागे तळं. नकार देऊन तो जाणार कुठे होता? ट्रकमध्ये एक रिकामं खोकं निघालं, खाकी कागदाचा गुंडाळा निघाला आणि सीटमागे बंदूक. गर्द चिमूटभरसुद्धा नाही. पण नाव कॉम्प्युटरवर टाकलं आणि बंदी समोर आली.

सरकारी मदतीतून वकील मिळाली ती डॅनिलुक बाई. तरुण, चुणचुणीत, विमानातून उतरतानाच फाइल वाचत यायची. तिने माझ्या टेबलाशी बसून अँब्रोझला समजावलं.

"हे बघ, तुझ्याकडे बंदूक होती, बंदी होती, तिथे मला बोलायला जागा नाही. पण पोलिसाला माणूस अडवायचा तर वाजवी संशय लागतो. 'मला आपलं वाटलं' एवढं त्याने म्हणून पुरत नाही. अडवणं बेकायदा ठरलं तर झडतीही बेकायदा. मग मी न्यायाधीशांना म्हणणार, ती बंदूक पुराव्यातून काढून टाका. बंदूक नाही तर खटला नाही. कळलं?"

"हं."

"आता सांग, पुडक्यांत काय होतं?"

अँब्रोझने खिडकीबाहेर बघितलं.

"तू सांगायलाच हवंस असं नाही," ती म्हणाली. "कायद्याने बघायचं ते एवढंच, की पोलिसाला तेव्हा काय माहीत होतं. आत सोनं होतं की शेण, त्याने फरक पडत नाही. पण न्यायाधीशही माणूसच असतो ना! तो अकरा म्हाताऱ्यांना जेवू घालणाऱ्याकडे एका नजरेने बघतो आणि गर्दवाल्याकडे दुसऱ्या."

"अकरा कुणी सांगितलं?" अँब्रोझने विचारलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी चहा करायला उठले.

मग ती घरोघर साक्षीदार शोधत फिरली. मी बरोबर होते. एलायझा बर्डने तिला बसवलं, बिस्किटं दिली.

"आजी, त्या दिवशी तुमच्या दारात कोण आलं होतं?"

"माझ्या दारात? वारा येतो."

"आणि मांस? मांस कोण आणतं?"

"दार उघडलं की असतं बाई ते."

"आजी, त्या पोराला तुरुंगात टाकतील हो!"

एलायझाचे डोळे भरले, पण ओठ घट्ट मिटलेलेच राहिले. बाहेर आल्यावर डॅनिलुकने कपाळावर हात मारला. "तुमच्याकडे काय सगळ्यांनी मिळून शपथ घेतलीय का?" मला रागच आला. शपथेची काय गरज, आम्ही वाढलोच तसे. पण रागावून तरी कुणावर? ती एकटीच त्या पोरासाठी धडपडत होती.

खटला नोव्हेंबरातच उभा राहिला, पण न्यायाधीश वेगळे होते. त्यांना परतीचं विमान गाठायचं होतं. ते म्हणाले, थोडा वेळ थांबणं, न बोलता देणं, आजूबाजूला बघणं, हा नमुना अनुभवी नजरेला ओळखीचा असतो. अनुभवी! सात आठवडे! संशय वाजवी, अडवणं कायदेशीर, बंदूक पुराव्यात. चौदा महिने. मी हे अँब्रोझला आमच्या भाषेत सांगितलं. त्याने एकच विचारलं, "म्हणजे हा हिवाळा गेला?"

"आणि पुढचा पण," मी म्हटलं.

त्या हिवाळ्यात अकरा घरांनी दुकानातली गोठवलेली कोंबडी खाल्ली. बर्नार्ड म्हणायचा, "कोंबडी कसली ही, उशीतला कापूस नुसता." एलायझा बर्ड फेब्रुवारीत वारली. भुकेने नाही, म्हातारपणाने, उगाच कुणावर आळ नको. पण शेवटच्या आठवड्यात मी तिच्याजवळ बसले होते. तिला दार वाजल्याचे भास व्हायचे. ती बोटांवर पन्नासपर्यंत मोजायची आणि मला म्हणायची, "जा ग, बघ, नाक असेल." मुसाचं उकडलेलं नाक तिच्या जिवाचं. दर वर्षी अँब्रोझ ते तिच्या पायरीवर ठेवायचा. मी चार-पाच वेळा उठून दार उघडलं. पायरीवर बर्फ होता.

डॅनिलुकने केलेलं अपील जूनमध्ये सुनावणीला आलं. प्रांताच्या राजधानीपर्यंत नऊ तास गाडी हाकत गेले. डॅनिलुकने आधीच सांगितलं होतं, "इथे साक्षीदार नसतात, नवा पुरावा नसतो. खालच्या कोर्टातले कागद आणि आमची तोंडं, बस्स." उंच छताच्या खोलीत तीन न्यायाधीश बसले होते. सगळं चाळीस मिनिटांत आटोपलं. अँब्रोझ तिथे नव्हताच. तो आरोपी असला तरी त्याचं तिथे काही काम नव्हतं.

मधल्या न्यायाधीश बाईंनी सरकारी वकिलाला विचारलं, "दारात काहीतरी ठेवून दोन मिनिटांत जाणारा माणूस. माझा पेपरवाला हेच करतो. त्यालाही अडवायचं का?"

"पेपरवाला दोन्हीकडे बघत नाही, बाईसाहेब."

"आमच्या रस्त्यावर बघतो. गाड्या येतात."

खोलीत हशा पिकला. मीही हसले, आणि हसता हसता मला एवढं भरून आलं की रुमाल तोंडात धरावा लागला. मागच्या बाकावरून ओरडावंसं वाटत होतं, अहो, कुत्रा! बर्नार्डचा कुत्रा! पण कुत्रा कागदात नव्हता.

तीन आठवड्यांनी निकाल आला. अठरा पानं. मी ती इतक्यांदा वाचली आहेत की पानांचे कोपरे मऊ पडलेत. संशय वाजवी नव्हता, नुसता तर्क होता. माणसाला मनमानी करून अडवलं. त्याचं गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे. पोलिसांच्या अशा वागण्यापासून न्यायालयाने दूर राहायला हवं. बंदूक पुराव्यातून वगळली. निर्दोष. प्रत्येक ओळ खरी होती, प्रत्येक ओळ आमच्या बाजूची होती. आणि बाराव्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप होती: 'त्या पुडक्यांत काय होतं हे नोंदीवरून समजत नाही.'

आम्ही जिंकलो होतो. अँब्रोझ गर्दवाला नव्हता असं कुणीही म्हटलं नव्हतं. एवढंच म्हटलं होतं, की तो गर्दवाला आहे असं प्रिंगलला इतक्या लवकर वाटायला नको होतं. प्रिंगल तोवर दक्षिणेला बदलून गेलाही होता. बढती मिळून, असं ऐकलं.

तुरुंगात फोन लावून मी अँब्रोझला सांगितलं. त्याचे आठ महिने भरले होते.

"आणि बंदूक?" त्याने विचारलं.

"ती पुराव्यातून गेली रे. आता कोर्टाच्या लेखी ती नाहीच."

"मग घरी येईल?"

"नाही. बंदी अजून आहे ना."

मग म्हणाला, "तिकडेही नाही, इकडेही नाही. बाबांची होती, आत्या."

तो घरी आला तेव्हा वस्तीने काही गाजावाजा केला नाही. त्याच्या पायरीवर कुणी मासे ठेवले, कुणी रानबेरींचा मुरंबा ठेवला. मी मात्र पेटून उठले होते. आता चूक करायची नाही, नऊ वर्षांपूर्वी राहिलेलं काम तडीस न्यायचं, असं मी मनाशी घेतलं. सूट अजूनही मागता येत होती. अर्ज मी लिहिला, तारीख मी घेतली. पण न्यायाधीशांपुढे त्याला स्वतः बोलावं लागणार होतं. मी कागदावर वाक्यं लिहिली आणि त्याच्यापुढे सरकवली.

त्याने वाचली. "हे तू लिहिलंस?"

"हो, मीच."

"मग तूच म्हण."

"मी म्हणून चालत नाही. तुझ्या तोंडून यायला हवं."

"आत्या, हे असं बोलतात का?"

"बोलत नाहीत म्हणून काय झालं ते बघितलंस ना?" माझा आवाज चढला. "बाविसाव्या वर्षी बोलला असतास तर ही वेळ आली असती? मी बोलले असते तर आली असती? एलायझा वाट बघत गेली रे! आपल्या गप्प बसण्याचा त्यांनी कधी होकार केला, कधी गुन्हा केला. एकदा बोल. फक्त एकदा."

माझ्या स्वयंपाकघरात त्याने तीन संध्याकाळ घोकंपट्टी केली. पहिल्या दिवशी त्याच्या तोंडून शब्द फुटेना. दुसऱ्या दिवशी तो खाली बघत पुटपुटला. मी म्हटलं, वर बघ. तिसऱ्या दिवशी जमलं, तेव्हा त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

ऑगस्टच्या शेवटी, भरल्या कोर्टात, तो उभा राहिला आणि स्पष्ट, मोठ्याने म्हणाला, "मी चांगला शिकारी आहे. दर वर्षी दोन-तीन मूस मारतो. माझ्या बंदुकीवर अकरा घरं जेवतात."

मागच्या बाकांवर आमची माणसं होती. एकेकाने मान खाली घातली. बर्नार्डने टोपी काढून मांडीवर ठेवली, मयताला काढतात तशी. न्यायाधीश मात्र खूश झाले. चार मिनिटांत सही केली. वर म्हणाले, "हे आधीच का नाही सांगितलंत? केवढा त्रास वाचला असता!"

सप्टेंबरात त्याने चुलत्याची बंदूक घेतली, सूट मिळाल्याचा कागद प्लास्टिकमध्ये घालून खिशात ठेवला आणि निघाला. पहिला आठवडा गेला. दुसरा गेला. इतरांना मूस दिसत होते. दुकानदाराच्या जावयाला तर रस्त्यावरच मिळाला, आणि तो आंधळ्यासारखी गोळी झाडतो. अँब्रोझला पावलं दिसायची, ताजी, कडेला पाणी भरत असलेली. प्राणी दिसायचा नाही. तो आणखी वर गेला, जुन्या नदीच्या वळणापर्यंत, तंबू ठोकून राहिला. ऑक्टोबर अर्धा उलटला. वस्तीत कुणी एक शब्द बोललं नाही. माझ्याकडेही कुणी वाकड्या नजरेने बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मी शिकलेली बाई आहे. वर उत्तरेला लाकूडतोडीचा नवा रस्ता झालाय, त्याने जनावरं बुजली असतील. आठ महिन्यांत हाताची सवय मोडली असेल. मी स्वतःला हे रोज सांगते. पण कोर्टातली ती तीन वाक्यं मीच लिहिली होती, हेही रोज आठवतं.

काल दुपारी दार दोनदा वाजलं. मी ओट्याशी होते. हातातली सुरी खाली ठेवली, मोजायला लागले. वीस, तीस, चाळीस. ट्रकचं इंजिन बंद झालं होतं, ते पुन्हा सुरू होईना. पन्नास झाले. साठ झाले. मी दार उघडलं.

अँब्रोझ उभा होता. हात रिकामे.

"आत येऊ, आत्या?"

इतक्या वर्षांत, मोठा झाल्यापासून, दार दोनदा वाजवून तो कधी माझ्या घरात आला नव्हता. मी बाजूला झाले. त्याने बूट काढले, खुर्चीवर बसला. मी चहा ठेवला. तो तास दीड तास बसून राहिला. मला त्याची माफी मागायची होती, पण तेवढंही तोंडून निघालं नाही.

खिडकीतून दिसलं, पोलिसांची गाडी आली, दारातल्या ट्रकपाशी थोडी हळू झाली आणि निघून गेली. आता थांबण्यासारखं तिथे काही नव्हतं.